हर्णै बंदरातले जुने घर सुट्टीच्या पाहुण्यांसाठी उघडताना

कोकणातले घर बंद राहिले की फार लवकर खचते. एक कौल सरकते, त्या फटीतून पहिल्या पावसाळ्यात वाशाला पाणी लागते, दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी चढते आणि तिसऱ्या वर्षी दुरुस्तीचा आकडा ऐकून भावंडे घर विकण्याची भाषा बोलू लागतात. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर आमचे असेच एक चिरेबंदी, कौलारू घर आहे. घरात माणसांचा वावर राहावा आणि डागडुजीचा खर्च घरानेच भागवावा, एवढ्या हेतूने आम्ही ते सुट्टीच्या पाहुण्यांना देऊ लागलो. ज्यांच्या मनात असाच विचार आहे त्यांच्यासाठी, करून पाहिलेल्या आणि चुकून शिकलेल्या गोष्टी येथे क्रमाने सांगतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि त्यात हर्णैच्या समोरचा सुवर्णदुर्गही आहे. त्यामुळे पाहुणे येणारच. परंतु हर्णै हे मुळात मासेमारीचे, राबते बंदर आहे हे घरमालकाने स्वतः आधी पक्के लक्षात घ्यावे. येथे पाहुण्याला बंदराच्या वेळापत्रकात बसवून घ्यायचे असते. बंदराने पाहुण्यासाठी बदलावे अशी अपेक्षा ठेवायची नसते. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

आधी कागद, मग गवंडी

गवंड्याला बोलावण्यापूर्वी घराचे कागद एकत्र करावेत. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा (घरांच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या यांवरची नावे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. जुन्या घरांच्या बाबतीत ती बहुधा जुळत नाहीत, कारण आजोबांच्या पश्चात वारसनोंद करायची राहून गेलेली असते. सातबाऱ्यावर जितकी नावे असतील तितक्या सर्वांची लेखी संमती घ्यावी. आम्ही सुरुवातीला फोनवरच्या होकारावर काम सुरू केले. पहिल्या हंगामाचे पैसे जमा झाल्यावर, शाकारणीचा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले नीट बसवून घेण्याचा, खर्च त्यातून आधी वजा करायचा की वाटणी आधी करायची यावरून दोन घरांत सहा महिने अबोला राहिला, आणि त्यात चूक कोणाचीच नव्हती. आम्ही लिहून ठेवले नव्हते इतकेच. म्हणून संमतीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: उत्पन्नातून प्रथम कोणता खर्च वळता होईल, हिशेब कोण ठेवील, आणि मे महिन्यात, गणपतीत व शिमग्यात घर कोणासाठी मोकळे राहील.

समुद्राजवळच्या बांधकामाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. ही अधिसूचना पहिल्यांदा १९९१ मध्ये निघाली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये तिची नवी रूपे आली. भरतीच्या कमाल रेषेपासून ठराविक अंतरात नवे बांधकाम करता येत नाही. पूर्वीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र मूळ जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र न वाढवता करता येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की परसात आणखी दोन खोल्या काढून मग पाहुणे ठेवू, हा बेत आधी तपासून घ्यावा, आणि आहे त्या घरात जितकी माणसे सुखाने राहतील तितक्यांचाच विचार करावा. माझे मत विचाराल तर ओटी, माजघर आणि दोन खोल्यांच्या घरात सहा माणसांपेक्षा जास्त घेऊच नयेत, कारण विहीर आणि शोषखड्डा दोन्ही त्याच मापाचे असतात.

पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करावी, ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीही करून घ्यावी. प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची प्रत आणि येण्या-जाण्याची नोंद वहीत ठेवावी. परदेशी नागरिक उतरला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे.

छप्पर, भिंती आणि खारा वारा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि मंडणगड-दापोलीच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या आढ्याच्या पश्चिमेकडची सगळी कौले त्या दुपारी अंगणात होती. वादळानंतर आमच्या वाडीत कौलेही मिळेनात आणि पत्रेही मिळेनात, त्यामुळे निम्मे घर ताडपत्रीखाली पावसाळा काढून बसले. तेव्हापासून दोन नियम आम्ही पाळतो आणि ते प्रत्येकाने पाळावेत. पहिला, शंभर चौरस फूट छपराला साधारण सव्वाशे ते दीडशे मंगळूरी कौले लागतात हे धरून, निदान दोनशे जादा कौले पडवीत रचून ठेवावीत. दुसरा, वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्यालगतच्या दोन ओळी रिपेला (कौलांखालच्या लाकडी पट्टीला) तारेने बांधून घ्याव्यात, कारण वारा कौलाखाली शिरतो तो या कडांनीच. तार ओवण्यासाठी कौलाला भोक असते. जी कौले तशी नसतील ती कडांना वापरू नयेत. तार साध्या लोखंडाची घेतली तर दोन पावसाळ्यांत तुटते, तांब्याची घ्यावी.

कौलांऐवजी पत्रे घालावेत, दरवर्षीच्या शाकारणीतून सुटका होईल, असा सल्ला प्रत्येक जण देतो. मी तो मानला नाही. पत्र्याखाली मे महिन्यातल्या दुपारी बसवत नाही, पावसात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि वादळात पत्रा उडतो तो एकटा उडत नाही, खालचे लाकूडही घेऊन जातो. कौल फुटते ते एकटे फुटते आणि शिडी लावून ते बदलता येते. शाकारणी मात्र खरोखर दरवर्षी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापूर्वी व्हायला हवी. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या, दिवसांत माणूस मिळत नाही, तेव्हा ओळखीच्या माणसाला शिमग्यातच सांगून ठेवावे.

भिंतींच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक सिमेंटच्या गिलाव्याची असते. जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि हिवाळ्यात ते सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा थर चढवला की पाणी आत कोंडते, त्याबरोबर आलेले मीठ गिलाव्याच्या पाठीमागे खड्यांसारखे जमते, भिंतीला लोणा धरतो आणि तीन-चार वर्षांत गिलावा पापडासारखा सुटून येतो. चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी केली तर भिंत श्वास घेत राहते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज शोधावा लागतो आणि तो वेळही जास्त घेतो, तरी या एका कामासाठी थांबावे. पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यापूर्वी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे.

लोखंडाचे काय होते ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. समुद्राकडच्या खिडकीला आम्ही शहरातल्या दुकानातून आणलेल्या चकचकीत बिजागऱ्या लावल्या होत्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीत खिडकी उघडायला गेलो, तर बिजागरीचे करंजीसारखे पापुद्रे सुटून हातात आले आणि झडप खाली निखळले. स्टीलवर ३०४ आणि ३१६ असे दोन आकडे सांगतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत टिकते. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि न्हाणीघरातले नळ एकतर पितळेचे घ्यावेत किंवा ३१६ चे. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग समुद्राच्या तोंडावर ठेवू नये. खरे तर उंच कौलारू घराला त्याची गरज नसते. चांगले पंखे, मच्छरदाण्या आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या पुरतात. विजेच्या मुख्य फळीवर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ बसवावीच, कारण ओल्या भिंतीत तारा असतात आणि पाहुण्यांबरोबर मुले असतात. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून एक इन्व्हर्टर हवा.

विहिरीचे पाणी

समुद्रालगतच्या विहिरीत गोडे पाणी हे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके आणि खारे जड. ढोबळ हिशेब असा की जमिनीखालच्या गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढू शकते. रहाटाने पाणी काढत तोवर ही भीती नव्हती. तीन अश्वशक्तीचा पंप लावून दोन तास उपसा केला की एप्रिलमध्ये चहा मचूळ लागू लागतो, आणि एकदा खारावलेली विहीर पुढचा पाऊस भरपूर झाल्याशिवाय सुधारत नाही. म्हणून लहान पंप ठेवावा, सकाळी आणि संध्याकाळी थोडा थोडा उपसा करावा आणि टाकी त्या मानाने मोठी बांधावी. पाहुण्यांना बादली-तांब्याने आंघोळ करायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नये. कारण सांगितले की लोक आनंदाने ऐकतात.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ ते १८ मीटर दूर आणि उताराच्या बाजूला असावा. जांभ्याच्या भेगांतून सांडपाणी फार लांब आणि फार लवकर जाते. हे अंतर शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही मोजायचे असते, आणि त्याबद्दल शेजाऱ्याने विचारायची वाट पाहू नये.

बंदराचे घड्याळ

मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरून उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर येते, ही हर्णैची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. संध्याकाळी पुळणीवर लिलाव भरतो. मासळीचे ढीग, बर्फाच्या गाड्या, ट्रकचे आवाज, ओल्या जाळ्यांचा आणि वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास, हे सगळे घरापर्यंत येते. पाहुण्याने आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि छायाचित्रांतही फक्त सूर्यास्त न दाखवता लिलावाची गर्दी दाखवावी. ज्याला शांत, पांढरी पुळण हवी आहे त्याला जवळच्या मुरूड किंवा कर्दे येथे राहण्याचा सल्ला प्रामाणिकपणे द्यावा. असे सांगितल्याने दोन बुकिंगे जातात, पण जे येतात ते रागावून परत जात नाहीत.

पहिल्या संध्याकाळी शक्यतो स्वतः पाहुण्यांबरोबर लिलावाला जावे. तेथे काही कुटुंबांची दिवसभराची कमाई ठरत असते, तेव्हा ढिगांच्या मधे उभे राहू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत आणि बोली चालू असताना घासाघीस करू नये. घरापुरती मासळी लिलावात मिळत नाही. ती बाजूला पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्यावी. ताजी मासळी कशी ओळखावी हेही पाहुण्यांना दाखवून द्यावे. कल्ला उचलून पाहिला तर लालभडक असावा, डोळा स्वच्छ आणि फुगीर असावा, बोटाने दाबलेली जागा लगेच वर यावी. पापलेटाला कल्ल्याजवळ दाबले की पांढरे पाणी येते. ते लालसर आले तर पापलेट शिळे. पहिल्या खेपेला आम्ही एका लहान मुलीकडून हे करून घेतले होते आणि पुढचे तीन दिवस घरातल्या खरेदीचा कारभार तिच्याकडे होता.

आणलेली मासळी साफ करण्यासाठी घरामागे स्वतंत्र मोरी, एक आडाळी (विळी) आणि उताराचा पाट करून ठेवावा, नाहीतर ते काम न्हाणीघरात होते आणि वास आठवडाभर जात नाही. कचरा उघड्यावर न टाकता नारळाच्या आळ्यात हातभर खोल पुरावा. शाकाहारी पाहुण्यांसाठी भांडी वेगळी ठेवावीत आणि ती खरोखर वेगळीच राहतील अशा फडताळात ठेवावीत.

भरती-ओहोटीची वेळ सांगण्यासाठी भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका लावावी आणि जुना हिशेब पाहुण्यांना शिकवावा. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, आणि त्या दिवशी उधाण. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी थोडेच चढते-उतरते. हा हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत चालतो. शहरातली मुले तो पाच मिनिटांत शिकतात.

हर्णैच्या बंदरात पोहू देऊ नये. पाण्याखाली नांगरांचे दोर, जाळ्यांचे तुकडे आणि धारदार शिंपा असतात. पोहायचे असेल तर मुरूडला, ओहोटी लागलेली नसताना आणि कमरेइतक्या पाण्यात. सुवर्णदुर्गाला होडीने जाता येते, परंतु हवा शांत असताना, जीवरक्षक जॅकेट घालून आणि उजेड असेपर्यंत परत येण्याच्या बोलीवर. किल्ल्यावर दुकान नाही, झाडोरा दाट आहे. पाणी आणि बूट हवेतच.

घरात एक हाताने लिहिलेले पान ठेवावे आणि त्यात परिसराची खरी माहिती असावी. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातला सुवर्णदुर्ग कमोडोर विल्यम जेम्सच्या आरमाराने घेतला. पुढे त्याच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिलवर एक मनोरा बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपल्या सुवर्णदुर्गाचेच इंग्रजी रूप. आपल्या पुळणीवरून दिसणाऱ्या किल्ल्याचे नाव इतक्या दूर दगडावर उभे आहे, हे वाचल्यावर पाहुणे किल्ल्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ल्याचीही नोंद असावी. फत्तेगडावर आज कोळ्यांची वस्ती आहे, तेव्हा तेथे किल्ला पाहायला जाणे म्हणजे लोकांच्या अंगणातून जाणे, हे त्या पानावर ठळक लिहावे. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचे केशवराज मंदिर आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आंजर्ले व वेळास येथे समुद्राकडे जाणारी कासवांची पिल्ले यांचाही उल्लेख पुरेसा आहे. बाकी पाहुणे स्वतः शोधतात.

वर्ष कसे वाटून घ्यावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांसाठी सर्वांत चांगला काळ. मे महिन्यात मागणी सर्वाधिक असते आणि विहीर सर्वांत खाली असते, म्हणून तेव्हा दोन मुक्कामांच्या मधे एक दिवस घर रिकामे ठेवावे. साधारणपणे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत ताज्या सुरमईचे आश्वासन कोणालाही देऊ नये. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो आणि बंदर पुन्हा जागे होते.

गणपतीत आणि शिमग्यात घर भाड्याने देऊ नये, कितीही पैसे मिळत असले तरी. ओटीवर गणपती बसायचा असतो, दारात पालखी यायची असते, आणि ज्या घरात त्या दिवशी घरची माणसे नाहीत ते घर गावाच्या दृष्टीने मिटलेले असते. उरलेले वर्षभर गाव आपल्या पाहुण्यांना सांभाळून घेते ते या दिवसांमुळेच.

विंचू, फुरसे आणि मण्यार या परिसरात आहेत. प्रत्येक खोलीत बॅटरी असावी, अंगणात रात्री दिवा असावा, लाकडे आणि चिरे घराला चिकटून रचू नयेत. सर्पदंश झाल्यास १०८ ला फोन करून रुग्णाला हालचाल न करू देता दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, हे दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. दापोली हर्णैपासून सुमारे १६ किलोमीटर आहे, म्हणून होडीवाल्याइतकाच विश्वासाचा एक रिक्षावालाही ओळखीचा हवा.

मे संपताना घर मिटायचे असते. गाद्या उन्हात घालून माळ्यावर उचलाव्यात, गॅसची नळी काढावी, पितळी कड्यांना खोबरेल तेलाचा हात द्यावा, पश्चिमेचे झाप बांधावेत आणि पंपाची मोटर घरात आणावी. शेवटी किल्ली शेजारच्या काकींकडे द्यावी. पावसाळाभर आठवड्यातून एकदा, पाऊस उघडला की काकी घराच्या पूर्वेच्या खिडक्या तासभर उघडतात, माजघरातल्या वाशांकडे वर बघतात आणि कोठे ओल दिसली तर फोन करतात. या कामाचे पैसे शेजारधर्म म्हणून टाळले जातात. ते दरमहा द्यावेत, आणि संमतीपत्रात जो खर्च सर्वांत आधी वळता करायचा असे लिहिले आहे, त्यात शाकारणीच्या वर त्याची नोंद असावी.